बिबटेरावांनी करडू दत्तक घेतलं, त्याची गोष्ट

एका जंगलात (कुठल्या ते विचारू नका, तिथली मंडळी माझ्यावर चिडतील) एक निवारा होता. आईबाप हरवलेली पिल्लं तिथे राहायची. मुलांनो, तो मोबाईल आधी पालथा ठेवा. अर्धी गोष्ट ऐकली की अर्धीच अक्कल येते, आणि तुमच्याकडे मुळात किती आहे ते मला ठाऊक आहे.

निवारा चालवायची सगुणाबाई नावाची म्हातारी वानरी. तिची एक रीत होती. कुणी पिल्लू मागायला आलं की ती म्हणायची, "देते की. पण आधी मी तुमच्याकडे तीन दिवस राहायला येणार." आणि खरंच जायची. त्यांच्यातच जेवायची, त्यांच्यातच झोपायची. घरात कोण कुणावर गुरकावतं, अंगणात कसली हाडं पडलीत, सगळं बघायची. पटलं तर चौथ्या दिवशी पिल्लू द्यायची. नाही पटलं तर जेवणाचं कौतुक करून परत यायची.

असं करून वर्षाला सात-आठ पिल्लांना घर मिळायचं. सगुणाबाई अधूनमधून जाऊन त्यांना भेटून यायची. सगळी सुखात होती.

पण समितीला हा आकडा फार कमी वाटला. समिती म्हणजे एक मोर, एक झोपलेलं कासव आणि चंपतराव कोल्हे. म्हणजे चंपतरावच. मोर स्वतःच्या पिसाऱ्यात गुंग असायचा आणि कासव ठराव झाल्यावर जागं व्हायचं.

"सगुणाबाई, जग कुठे चाललंय आणि तुम्ही कुठे," चंपतराव म्हणाले. "पाणवठ्यावर कोळ्यांनी केवढं जाळं विणलंय पाहिलंत का? त्यावर पान चिकटवलं की अख्ख्या जंगलाला दिसतं. आपली पिल्लं जाळ्यावर टाकायची. ज्याला आवडेल तो घरबसल्या फॉर्म भरेल. तुम्ही आता दमलात. तुम्हाला मानद सल्लागार करतो."

मानद सल्लागार म्हणजे काय, मुलांनो? ज्याला कुणी काही विचारत नाही तो.

जाळं सुरू होऊन महिना झाला तेव्हा निवाऱ्यात एक करडू होतं. लिंबी तिचं नाव. रानात चरायला आलेला कळप पुढे निघून गेला होता आणि ही मागे राहिली होती. सगुणाबाईनं तिचं पान साधंच लिहिलं होतं. "शेळीचं करडू. वय दीड महिना. आईच्या आठवणीनं ओरडतं. दिसेल ते कुरतडतं. कुणी जवळ बसलं तर गप्प होतं. रोज जवळ बसायला वेळ असेल त्यानेच विचारावं."

"अहो, असं लिहिल्यावर कोण घेईल?" चंपतरावांनी कपाळावर पंजा मारला. त्यांनी ते पान टाकून दिलं आणि नवीन लिहिलं. "गोंडस! कोवळी! गुबगुबीत! एकदा चाखाल तर विसरणार नाही असं प्रेम! घरपोच मिळेल."

आता हे वाचून कुणाच्या तोंडाला पाणी सुटलं असेल ते तुम्हीच ओळखा. बरोबर. एवढं कळतं तुम्हाला, मग गणितात काय होतं कुणास ठाऊक.

फॉर्म बिबटेरावांचा आला. बिबटेराव म्हणजे जंगलातलं बडं प्रस्थ. अंगावर ठिपके, चालण्यात ऐट. जाळ्यावर त्यांनी जांभई दिली तरी तीनशे जणांना ती आवडायची. लिंबी त्याच दिवशी त्यांच्याकडे रवाना झाली.

संध्याकाळी चंपतरावांनी सगुणाबाईला तो फॉर्म मुद्दाम वाचून दाखवला.

"ऐका. घर कसं? स्वतःची गुहा, ऐसपैस. लहान जिवांची आवड? लहानपणापासून. पिल्लासाठी किती वेळ देऊ शकाल? लागेल तेवढा, मी दबा धरून बसू शकतो. याआधी पिल्लं सांभाळली आहेत का? पुष्कळ. शंभरापैकी शहाण्णव गुण पडलेत, सगुणाबाई. आजवरचा उच्चांक आहे."

"आणि खातो काय, हे विचारलंत का?" सगुणाबाईनं विचारलं.

"तो रकाना काढला. एका मुंगसाला अपमान वाटला होता. कुणाच्या खाण्यापिण्यात आपण कशाला नाक खुपसायचं? गेल्या महिन्यात चाळीस पिल्लं गेली. एक तरी परत आलं का? एक तरी तक्रार आली का?"

 सगुणाबाई उठली आणि थेट बिबटेरावांच्या गुहेकडे निघाली. वाटभर ती स्वतःलाच शिव्या घालत होती. दमलात म्हणाले आणि मी बसले गप्प, मेली मी कशी बसले.

गुहेच्या दारात लिंबी जिवंत होती. एवढंच नाही, तिच्यापुढे बोरीच्या कोवळ्या पाल्याचा ढीग होता आणि बिबटेराव तिला प्रेमानं भरवत होते.

"खा बाळ. किती वाळलीयस. चार दिवसांत बघ कशी भरतेस."

"नमस्कार, बिबटेराव," सगुणाबाई म्हणाली. "निवाऱ्याकडून आले. आमची जुनी रीत आहे, तीन दिवस पाहुणचार घेते तुमचा."

बिबटेरावांची शेपटी हलली. पण ते घरंदाज होते. शिवाय पाहुणीला हाकललं अशी बातमी जाळ्यावर गेली असती तर काय राहिलं असतं? ते म्हणाले, "या ना, या. आपलंच घर समजा."

सगुणाबाई आत जाऊन बसली आणि लिंबीला तिनं मांडीवर घेतलं ते सोडलंच नाही.

रात्री तिनं विचारलं, "जेवायला काय केलंय आज?"

बिबटेरावांची पंचाईत झाली. निवाऱ्याच्या बाईसमोर खाणार काय? "आज माझा सोमवार असतो," ते म्हणाले. "कडक उपास."

"वा. मी पाल्यावर भागवीन. तुमचं चालू द्या."

दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "मंगळवारही धरतो मी." सकाळी ते जरा फिरून येतो म्हणून उठले, तर सगुणाबाईही लिंबीला काखेत मारून उठली. "चला, मीही येते. शेजार कसा आहे तो बघायचाच आहे मला." दोन हरणं समोरून गेली आणि बिबटेरावांना त्यांना रामराम करावा लागला.

तिसऱ्या दिवशी त्यांच्या पोटातून गुरगुर ऐकू यायला लागली. डोळे लिंबीवरून हटेनात.

"आज बुधवार," सगुणाबाई म्हणाली.

"बुधवारचाही नवस बोललोय मी," बिबटेराव पडेल आवाजात म्हणाले.

"फार देवभोळे आहात हो. एक विचारू? हा पाला तुम्ही खाता का?"

"छे. मी कशाला खाईन पाला?"

"मग हा कोणासाठी?"

"लिंबीसाठी."

"आणि लिंबी कोणासाठी?"

बिबटेराव जरा दुखावलेल्या आवाजात म्हणाले, "हे पाहा, मी फॉर्ममध्ये एक अक्षर खोटं लिहिलेलं नाही. विचारलं असतं तर हेही लिहिलं असतं. कोवळी म्हणून जाहिरात तुम्हीच केलीत. घरपोच तुम्हीच पाठवलीत. आणि आता माझ्याच घरात बसून मलाच उपाशी मारताय."

खरं सांगतो मुलांनो, त्याचं काही चुकलं नव्हतं. तो बिबट्या होता आणि बिबट्यासारखा वागत होता. कोल्ह्याला मात्र, हे तू काय केलंस, असं कुणी विचारलं नाही.

मग बिबटेरावांनी झेप घेतली. पण तीन दिवसांचा उपास अंगात भिनला होता. झेप निम्म्यातच पडली. सगुणाबाई तेवढ्यात लिंबीला छातीशी धरून गुहेबाहेरच्या उंबरावर चढली. तेही मागून चढले. तशी ती पार शेंड्याच्या बारीक फांदीवर गेली. वानराला पेलणारी फांदी बिबट्याला पेलत नाही. ते बुंध्याशी धापा टाकत बसले आणि ती या झाडावरून त्या झाडावर करत निवाऱ्यात परत आली.  लिंबी तिचा कान चघळत होती.

तुम्हाला वाटत असेल, आता सगुणाबाईचा सत्कार झाला. बसा खाली. अजून झालेलं नाही.

समितीची तातडीची बैठक बसली. सगुणाबाईनं एका पालकाच्या खासगी आयुष्यात घुसखोरी केली, असा ठराव झाला. बिबटेरावांना माफीचं पत्र गेलं. सगुणाबाईचं मानद सल्लागारपद काढून घेतलं. कासव जागं होऊन म्हणालं, "माझा पाठिंबा आहे," आणि परत झोपलं.

"बरं," सगुणाबाई म्हणाली. "मग लिंबीला मीच घेऊन जाते."

"फॉर्म भरावा लागेल," चंपतराव म्हणाले.

तिनं भरला. घर कसं? झाड. स्वतःचं का? पाखरांचंही आहे. वय? पुष्कळ. जाळ्यावर किती जण ओळखतात? कुणी नाही. चंपतरावांनी बेरीज केली. शंभरापैकी अकरा. "नामंजूर," ते म्हणाले. "करडाला झाडावरून पडण्याचा धोका आहे. आम्हाला पिल्लाच्या सुरक्षेशी तडजोड करता येत नाही."

फॉर्म पळसाच्या पानावर होता. लिंबीनं तो खाल्ला. सहीसकट खाल्ला. समिती दुसरा फॉर्म शोधत असताना सगुणाबाईनं तिला उचललं आणि चालती झाली.

हल्ली दोघी कड्यातल्या एका अरुंद कपारीत राहतात. लिंबीला झाडावर झोप येत नाही, म्हणून सगुणाबाईनं आयुष्यभराचं झाड सोडलं. म्हातारपणी दगडावर पाठ टेकते आणि पाठ दुखते म्हणून कुरकुरते. पण रात्री लिंबी ओरडली की तिच्या जवळ सरकते, आणि ती गप्प होते.

पाणवठ्यावरच्या जाळ्यावर लिंबीचं पान मात्र अजून आहे. चंपतराव ते काढत नाहीत, कारण सगळ्यात जास्त पसंती त्यालाच मिळते. ते पाहून गिऱ्हाईक येतं आणि दुसरं काहीतरी घेऊन जातं.

तात्पर्य: पिल्लू देताना घेणाऱ्याच्या घरी जाऊन बसू नये, आणि तो काय खातो हे तर मुळीच विचारू नये. त्यानं त्याच्या भावना दुखावतात. पिल्लांच्या भावनांची काळजी नको. ती चाळीसच्या चाळीस अगदी समाधानी असली पाहिजेत, एकानंही अजून तक्रार केलेली नाही.