बेलझरीचा बेचाळिसावा वाघ

निसर्गाचं रक्षण करायचं असेल तर माणसाला सर्वप्रथम एक नोंदणीकृत संस्था काढावी लागते. वाघ नोंदणीशिवाय जन्मतो, जगतो, पोरंबाळं वाढवतो. पण त्याला वाचवायचं म्हटलं की अध्यक्ष, सचिव आणि एक रबरी शिक्का यांच्यावाचून इलाज नसतो. ही गोष्ट वर्ध्याच्या जाणत्या मंडळींच्या १९९४ साली ध्यानात आली आणि ‘नियोजित बेलझरी राष्ट्रीय उद्यान सहायक मंडळ’ स्थापन झालं. उद्यान अजून व्हायचं होतं. (अजूनही व्हायचं आहे.) पण तेवढ्यासाठी साहाय्य अडवून ठेवणं बरं दिसलं नसतं.

मंडळाचं कार्यालय पिपरी मेघेत, अध्यक्ष सदाशिवरावांच्या नव्या बंगल्याच्या तळमजल्यावर होतं. सदाशिवरावांचं वर्ध्यात कापडाचं दुकान. माणूस दिलदार, आणि वाघावर मनापासून प्रेम करणारा. वाघ त्यांनी पाहिलेला नव्हता, पण प्रेमाला ओळखीची गरज असतेच असं नाही.

सभासदत्वाचे तीन वर्ग होते. साधा सभासद म्हणजे चितळ, आजीव सभासद म्हणजे बिबट आणि आश्रयदाता म्हणजे वाघ. वाघांची नावं कार्यालयाच्या दर्शनी भिंतीवर संगमरवरात कोरली जात. २००२ च्या अहवालानुसार मंडळात १७१ चितळ, ३० बिबट आणि ४१ वाघ होते. त्याच वर्षी बेलझरीच्या जंगलात चार वाघ असल्याचं समजत होतं. (त्यातला एक दोनदा मोजला गेल्याची कुजबुज होती.) म्हणजे एकूण पंचेचाळीस वाघांपैकी एक्केचाळीस पिपरी मेघे आणि आसपासच्या लेआउटांमध्ये, नळाच्या पाण्यासह, सुरक्षित होते. संवर्धनाला याहून मोठं यश कुठे मिळाल्याचं ऐकिवात नाही.

मंडळ दरवर्षी चित्रकला स्पर्धा घेई, स्कूटरवर लावायचे स्टिकर काढी, आणि कोजागिरीला वाघांच्या घटत्या संख्येबद्दल चिंता व्यक्त करून मसाला दूध पिई. जंगलाची सहल मात्र एकदाच निघाली, १९९६ साली. त्या सहलीत सभासदांनी एक मोर पाठमोरा पाहिला, आणि एका माकडाने पुऱ्यांची पिशवी ओढून नेली. परत आल्यावर ठराव झाला की माणसांच्या वावराने वन्यजीव विचलित होतात, सबब सभासदांनी जंगलापासून दूर राहून जंगलाची सेवा करावी. या ठरावाचं पालन सर्वांनी अतिशय निष्ठेने केलं.

अशा या मंडळाच्या दारात २००२ च्या डिसेंबरात चंद्रभान नावाचा शेतकरी हातात अर्ज घेऊन उभा राहिला. बेलझरी गावात त्याचं चार एकर शेत होतं आणि शेताचा एक धुरा, म्हणजे बांध, थेट जंगलाला लागून होता. यंदा चारही एकरांत तूर होती, आणि तूर अशी आली होती की रस्त्याने जाणारा माणूस थांबून बघे. रोहीही (म्हणजे नीलगाई) थांबत, पण ते नुसतं बघून जात नसत. चंद्रभानला हवी होती तारेची जाळी. मंडळाने कुंपणासाठी शिफारस करावी, जमलं तर मदत करावी, एवढंच त्याचं मागणं होतं.

सदाशिवरावांनी त्याला खुर्ची दिली, चहा दिला, बिस्किटंही दिली. मग अर्ज वाचून त्यांचा चेहरा पडला.

“कुंपण? चंद्रभानभाऊ, आम्ही इकडे प्राण्यांच्या मुक्त संचारासाठी आठ वर्षांपासून झटून राह्यलो, आन् तुम्ही कुंपण मागून राह्यले? उद्देश क्रमांक नऊ पहा.”

“मुक्त संचार तं चालूच हाये जी,” चंद्रभान म्हणाला. “माह्या तुरीतच चालू हाये.”

हे ऐकून सदाशिवरावांना समाधान वाटलं. त्यांनी त्याला मंडळाचं माहितीपत्रक आणि दोन स्टिकर भेट दिले.

घरी आल्यावर देवकाबाईने, म्हणजे चंद्रभानच्या बायकोने, ते पत्रक त्याला मोठ्याने वाचायला लावलं. तिला स्वतःला वाचता येत नव्हतं, त्यामुळे ती प्रत्येक शब्दाचा अर्थ लावत असे. ‘वन्यप्राण्यांच्या पोषणास रोख अथवा वस्तुरूपाने हातभार लावणारी कोणतीही व्यक्ती सभासद होण्यास पात्र राहील,’ इथे तिने त्याला थांबवलं.

“मंग हे लोक काऊन सभासद हायेत? यायनं कोन्या रोह्याले काय चारलं? आपण तं सात वर्सापासून पंगती वाढून राह्यलो.”

“तसं लिवू का मंग?”

“लिवा ना. खोटं थोडीच हाये!”

चंद्रभानने पत्रकामागचा अर्ज भरला. योगदानाचा तपशील त्याने असा दिला: १९९६, तूर, एक एकर, फुलोऱ्यात असताना. १९९७, तूर पाऊण एकर आणि चणा अर्धा एकर (सोबत रानडुकरं). १९९९, मचाणावर ठेवलेली भाकर, फडक्यासह (माकडं). २००१, तूर सव्वा एकर, धुऱ्यावरची चवळी वेगळी. ‘योगदानामागील प्रेरणा’ या रकान्यापाशी तो बराच वेळ अडला. शेवटी त्याने लिहिलं, ‘ते ऐकत नाई.’

या अर्जाने कार्यकारिणीत खळबळ उडाली. सचिव धर्मेंद्र हे वकील होते आणि नियमावली त्यांनीच स्वतः, रजा घेऊन, लिहिली होती. त्यांनी तासभर हिशेब मांडून सांगितलं की वस्तुरूप योगदानात हा इसम एक्केचाळीस वाघांच्या एकत्रित योगदानाच्या पुढे आहे. मंडळाकडून प्राण्यांपर्यंत प्रत्यक्ष पोचलेला जिन्नस म्हणजे पुऱ्यांची ती एक पिशवी. शिवाय मंडळात जंगलाकाठच्या गावचा एकही माणूस नाही, अशी टीका एका वर्तमानपत्राने नुकतीच केली होती. चंद्रभानला एकमताने वाघ करण्यात आलं.

५ जानेवारी २००३ रोजी, रविवारी, वर्ध्यात त्याचा सपत्नीक सत्कार झाला. शाल, श्रीफळ, नियमावलीची प्रत, मानपत्र. मानपत्रात लिहिलं होतं की ‘आपण स्वेच्छेने व सानंद आपल्या रक्ताघामाचे पीक वन्यजीवांच्या मुखी घातले.’ सदाशिवरावांच्या पत्नी शोभाबाई यांनी देवकाबाईची ओटी भरली. टाळ्या इतक्या वाजल्या की चंद्रभानला गहिवरून आलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या नुकसानीला कोणी टाळ्या वाजवत होतं.

सत्काराला नवरा-बायको दोघंही आल्यामुळे शेतात कोणी नव्हतं. त्या दिवशी एक एकर तूर गेली.

दुसऱ्या दिवशी चंद्रभान नुकसानभरपाईचा अर्ज घेऊन एका सरकारी कार्यालयात गेला. तिथल्या बाबूने अर्ज वाचला आणि मग ड्रॉवरमधून सकाळचं वर्तमानपत्र काढलं. त्यात चंद्रभानचा शाल पांघरलेला फोटो होता. बाबू अतिशय आदराने म्हणाला, “हे नुकसान नव्हं भाऊ, हे दान हाये. इथं लिवलं हाये, स्वेच्छेनं व सानंद. दानाचा पंचनामा होत नसते.” आणि त्याने चंद्रभानला उठून नमस्कार केला.

चंद्रभानला राग आला. खरा, पोटातून राग आला. उरलेली तीन एकर तूर हेच त्याचं वर्ष होतं आणि शेंगा भरायला, वाळायला अजून तीन आठवडे पाहिजे होते. दोघांच्याने चार बाजू राखणं होत नव्हतं. शाल खुंटीला टांगून तो ओट्यावर बसला, तेव्हा देवकाबाई म्हणाली, “ते बुक दिलं ना त्यायनं? वाचा बरं.”

“नियमावली? त्यात काय राहाते?”

“वाचून तं पाहा. एवढं मोठं बुक हाये, आपल्या कामाचं कायतरी असंनच.”

ते कलम २३ मध्ये होतं. ‘कोणताही वाघ सभासद काही कारणाने आपले योगदान देण्यास असमर्थ ठरल्यास, कार्यात खंड पडू नये म्हणून त्याचा वाटा उर्वरित वाघ सभासदांनी समप्रमाणात उचलावा, कसूर करणाऱ्याचे नाव शिलेवरून कमी करण्यात येईल.’ हे कलम धर्मेंद्र वकिलांनी वर्गणीच्या काळजीने लिहिलं होतं. रोह्यांचा विचार त्यांच्या मनात कधीही आलेला नव्हता.

चंद्रभानने मंडळाला पत्र पाठवलं. ‘सविनय सादर की, मी येत्या सोमवारपासून योगदान बंद करीत आहे. प्राण्यांना आपल्या स्तरावरून तसे कळवावे. ते न ऐकल्यास कलम २३ प्रमाणे बाकीच्या वाघांनी त्यांची सोय पाहावी. माझी कशालाच हरकत नाही. आपला विश्वासू, वाघ क्रमांक ४२.’

कार्यकारिणीची बैठक तीन तास चालली. जंगलाच्या हद्दीवर सूचनाफलक लावावा, असं एकाने सुचवलं. (फलक कोणत्या भाषेत असावा, यावर चाळीस मिनिटं गेली.) कलमच बदलावं, असं दुसऱ्याने सुचवलं, पण कलम बदलायला सर्वसाधारण सभा लागते आणि सभेला एकवीस दिवसांची पूर्वसूचना लागते, हेही धर्मेंद्रनीच लिहून ठेवलं होतं. संगमरवरावरून नाव खरवडून घेण्याची तयारी कोणाचीच नव्हती. शेवटी असं ठरलं की रोज दोन वाघांनी पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत बेलझरीच्या शेतात बसावं आणि प्राण्यांना अन्यत्र आहार घेण्याची विनंती करावी.

सोमवारी अध्यक्ष आणि सचिव जीपने आले. दोघांच्या डोक्यावर नव्या खाकी टोप्या होत्या, गळ्यात दुर्बिणी होत्या. सूर्य उगवता उगवता अकरा रोही धुरा ओलांडून तुरीत शिरले. पुढे एक मोठा निळसर नर. मंडळाच्या नऊ वर्षांच्या इतिहासात अध्यक्षांना दिसलेला हा पहिला जंगली प्राणी, मोर आणि माकड वगळता. सदाशिवरावांचे डोळे भरून आले. ते टोपी काढून स्तब्ध उभे राहिले. रोह्यांनी शांतपणे अर्धी ओळ संपवली.

“अवो भाऊ, पाहून काय राह्यले?” देवकाबाई मचाणावरून ओरडली. “हाका ना त्यायले!”

“पण ताई, प्राण्यांना त्रास देऊ नये असा आमचा उद्देश क्रमांक तीन...”

“तुमचं तीन नंबर घरी ठेवा. हे घ्या डबडं!”

सदाशिवरावांनी डबडं घेतलं. पहिल्या वेळी त्यांनी ते दार ठोठावल्यासारखं वाजवलं. तिसऱ्या वेळी बरं वाजलं. दहा वाजेपर्यंत ते ढेकळांतून पळत होते आणि ज्या प्राण्यांसाठी त्यांनी आठ वर्षं स्टिकर छापले, त्यांच्या आईबापांचा जाहीर उद्धार करत होते. दुपारी देवकाबाईने वाढलेली भाकर आणि झुणका त्यांनी खाल्ला. जेवून झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, “चंद्रभानभाऊ, हे रोजचंच हाये?”

“नाई जी,” चंद्रभान म्हणाला. “आज कमी होते. तुमाले पाहून लाजले असतीन.”

मंगळवारपासून अडचण सुरू झाली. पौष महिना चालू होता, ज्यात आपल्याकडे कोणी लग्न काढत नाही. तरीही त्या आठवड्यात सव्वीस वाघांच्या घरी लग्नं निघाली. सातांची कंबर धरली. एकाने कळवलं की तो वाघ असला तरी मनाने चितळच आहे. सबब मंगळवार, बुधवार आणि गुरुवारीही सदाशिवराव एकटेच आले. (हे त्यांच्या मोठेपणाला धरून झालं. त्यांचं नाव शिलेवर सर्वात वर होतं.)

शुक्रवारी कार्यकारिणीची तातडीची बैठक झाली आणि बारा मिनिटांत ठराव मंजूर झाला: ‘कुंपण हे मुक्त संचारास आडकाठी नसून संचाराला योग्य दिशा देणारी सुविधा आहे.’ शनिवारी तारेच्या जाळीचा ट्रक बेलझरीत पोचला. जाळी ताणायला सदाशिवराव स्वतः उभे होते आणि एक खांब वाकडा बसला तेव्हा त्यांनी तो उपटून परत रोवायला लावला. फेब्रुवारीत तीन एकर तूर कापून, झोडून, पोत्यांत भरून चंद्रभानच्या घरी आली. त्या रात्री देवकाबाईने पुरणाची पोळी केली आणि पहिली पोळी अध्यक्षांना वाढली.

वाघ वर्गाने मात्र एप्रिलच्या सर्वसाधारण सभेत सामुदायिक पदावनती मागून घेतली. आता मंडळात फक्त दोन वाघ आहेत, एक कापड दुकानदार आणि एक शेतकरी. दोघांचं बरं जमतं.

जाळीमुळे बेलझरीच्या रोह्यांच्या संचाराला ठरल्याप्रमाणे योग्य दिशा मिळाली. ती दिशा शेजारच्या रूपरावांच्या चण्याची निघाली. रूपरावांनी सभासदत्वाचा अर्ज भरला आहे आणि कलम २३ तोंडपाठ केलं आहे. त्यांच्यापलीकडे गावात अजून अठ्ठावन्न शेतं आहेत. त्यामुळे वाघ वर्गात सध्या भरपूर जागा रिकाम्या आहेत. वयाची, शिक्षणाची अट नाही. वर्गणीही माफ केली आहे. फक्त येत्या रविवारी पहाटे साडेपाचला रूपरावांच्या धुऱ्यावर यायचं. डबडं मंडळ देईल.

आपण ही हकीकत इथपर्यंत वाचली, मधे दोनदा हसलात, म्हणजे जंगलाविषयी आपल्याला आस्था आहे हे उघड आहे. तेव्हा अर्ज सोबत जोडला आहे. रविवारी घरी लग्न असल्यास तसं लिहा, कोणाची जबरदस्ती नाही. पण नवरीचं नाव यंदा सक्तीचं केलं आहे. मागच्या खेपेस सव्वीस घरांत मिळून एकच नवरी निघाली होती, आणि तीही पाचवीत शिकत होती.