माणिकरावांची बहिरी बाजू

माणिकराव गव्हाणे तुमच्याशी बोलायला बसले की आधी खुर्ची फिरवतात. थोडी इकडे, जरा तिकडे, पुन्हा बोटभर मागे. नवख्या माणसाला वाटतं, बिचाऱ्याला बसायचा काही त्रास असावा. तसं नाही. चाकणच्या एका कारखान्यात प्रेसवर पत्रा दाबण्यात त्यांची तीस वर्षं गेली आणि वर्षांबरोबर डावा कानही गेला. दुसरा कोणी कानाच्या नावानं रडत बसला असता. माणिकरावांनी त्याला निवृत्तीनंतरही कामावर ठेवलं. चौकातले हॉर्न, शेजारचा मिक्सर, लग्नातला बँड, जिकडून गोंगाट येतो तिकडे ते डावा कान करतात आणि उजव्यानं आपलं निवांत ऐकतात.

"ऐकायचंय त्याच्या मागं पळायचं न्हाई, वहिनी," ते मला सांगतात. "गोंगाटाला बहिरी बाजू द्यायची. मग पायजे ते आपसूक ऐकू येतं."

आमच्या थेरगावच्या सोसायटीत दोन विंगा समोरासमोर आहेत. एका विंगेत तिसऱ्या मजल्यावर ते, दुसरीत चौथ्यावर मी. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. मूळचे अंबाजोगाईकडचे. छंद एकच, रेडिओ. ऐकायचाही आणि बोलायचाही. त्यासाठी सरकारी परीक्षा देऊन परवाना काढलाय आणि तो फ्रेम करून देवांच्या शेजारी लावलाय. उदबत्ती दोघांना मिळून एकच.

आता ज्या वस्तूवरून आमची ओळख झाली, म्हणजे भांडण झालं, तिच्याबद्दल सांगते.

त्यांच्या गच्चीवर एक चौकट उभी आहे. जुन्या खाटेच्या सागवानी पाट्यांची पुरुषभर उंच फुली, तिच्या चार टोकांवरून तांब्याच्या तारेचे वेढे आणि खाली भंगारातल्या फिरत्या खुर्चीचा पाय. त्या पायाच्या दोन दोऱ्या त्यांनी खाली आपल्या खिडकीत घेतल्यात. आत बसून डावी ओढली की चौकट डावीकडे, उजवी ओढली की उजवीकडे. बैलाला कासरा लावावा तसं. बोलायला त्यांची वेगळी तार आहे, ही फक्त ऐकायला. अँटेना आकाशाकडे बोट करून उभी असते अशी माझी समजूत होती. ही बया नुसती मान हलवून नाही-नाही म्हणायची.

बारा वर्षं झाली. मी तेव्हा बासष्ट वर्षांची अल्लड पोर होते आणि सोसायटीची सेक्रेटरी. हे दोन रोग एका वेळी झाले की माणसाचं काय होतं, ते माझी तेव्हाची पत्रं वाचली की कळतं. "सभासदांस कळविण्यात येते की" असं म्हटल्याशिवाय मला वाक्यच सुरू करता येत नसे, घरातसुद्धा. नवरा जाऊन वर्ष झालं होतं. घरात ऐकायला कोणी उरलं नव्हतं, म्हणून मी सोसायटीला ऐकवत होते. हे आज कळतं. तेव्हा मला वाटायचं, मी प्रशासन करतेय.

तर रोज पहाटे मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी आले की ती चौकट हळूहळू वळायची आणि नेमकी माझ्या खिडकीकडे तोंड करून थांबायची. चांगला अर्धा तास. मी ठरवलं, हा माणूस माझ्यावर नजर ठेवतोय. बासष्टाव्या वर्षी आपल्यावर कोणी नजर ठेवावी याचा मला राग किती आला आणि बरं किती वाटलं, हे सेक्रेटरीनं मिनिट्समध्ये लिहिलेलं नाही.

मी मीटिंग बोलावली. वीस मिनिटं बोलले. महिलांची सुरक्षितता, गच्चीचा गैरवापर, सगळं घेतलं. माणिकराव मान किंचित कलती करून तल्लीन होऊन बसले होते. मनात म्हटलं, काही असो, माणूस ऐकून घेणारा आहे. त्यांनी माझ्याकडे कोणता कान केला होता, ते मला पुढे दोन वर्षांनी कळलं.

शेवटी ते उठले. "वहिनी, उलटं हाय. ह्या चौकटीला कडेकडून ऐकू येतं. ज्याच्याकडं तिचं तोंड, त्याच्यापुरती ती ठार बहिरी."

मागून कोणीतरी म्हणालं, आपल्या चेअरमनसारखी. सगळे हसले. माझा पारा आणखी चढला. म्हणजे रोज अर्धा तास माझ्याकडे तोंड करून मुद्दाम माझंच ऐकायचं नाही? का म्हणून? माणिकरावांनी छताकडे बघितलं आणि म्हणाले, तुमच्या विंगेच्या मागं डांगे चौक हाय ना, त्याचा गोंगाट. पहाटे डांगे चौकात कुत्रंसुद्धा कूस बदलत नाही, हे एकाही सभासदाच्या लक्षात आलं नाही. सेक्रेटरीच्याही नाही.

आठ दिवसांत चौकट उतरवावी, तत्पूर्वी प्रत्यक्ष पाहणी व्हावी, असा ठराव मीच लिहिला. म्हणून दुसऱ्या दिवशी पावणेसहाला वही घेऊन मी त्यांच्या दारात हजर.

सेटमधून नुसती तडतड येत होती. मोहरी फुटायला लागावी आणि थांबूच नये तशी. माणिकरावांनी दोऱ्या हातात घेतल्या, डोळे मिटले. डावी ओढली, तडतड वाढली. मग उजवी, हळू, आणखी हळू. आणि कढईवर कोणीतरी झाकण ठेवावं तसं झालं. तडतड खाली बसली आणि तिच्या तळातून एक बारीक, थकलेला आवाज वर आला. मी हेरगिरी ऐकायला कान टवकारले.

"काल शेपू केला होता," तो आवाज म्हणाला.

माणिकरावांनी माइकचं बटण दाबून विचारलं, कसा झाला? जरा खारट झाला. मग दही घ्यायचं सोबत. दही नव्हतं. असं अर्धा तास. हा तात्या. दोघं आयटीआयला एका बाकावर होते. तात्या गावी राहिला, हे कामाला इकडे आले. मी विचारलं, एवढ्यासाठी फोन का नाही करत?

"फोन लागतोच, वहिनी," माणिकराव म्हणाले. "त्यामुळं कुणी करत न्हाई."

तात्याचा सेट घरी बनवलेला, ताकद एका बल्बाएवढी. तात्याची प्रकृती त्याहून तोळामासा. आणि हे दोघं बोलतात ती रेडिओची खालची पट्टी म्हणजे जगातल्या सगळ्या खरखरीची धर्मशाळा. "त्यो कधीतरी निसटणार, मला ठाऊक हाय," माणिकराव दोरी न सोडता म्हणाले. "पर माझ्याकडच्या गोंगाटापायी निसटाया नको."

मी वही मिटली. तो ठराव आजतागायत विचाराधीन आहे.

पुढे त्यांनी गोंगाट पकडायची मोहीम काढली. ताटाएवढी छोटी चौकट आणि खिशातला रेडिओ घेऊन रोज पहाटे एकेक मजला पालथा घातला. एक इन्व्हर्टर सापडला. लिफ्टची मोटार सापडली. एका आयटीवाल्याचं पळायचं मशीन सापडलं, ज्याच्यावर तो कपडे वाळत घालायचा. शेवटी माझ्या दारात आले. आत समोरच आमच्या ह्यांचा फोटो, त्याभोवती डांगे चौकातून आणलेली दिव्यांची माळ. हयातभर "दिवा बंद कर" म्हणून ओरडलेला माणूस. आता मुकाट्यानं उजेड सोसतो. रोज साडेपाचला उठले की माझं पहिलं काम ती माळ लावणं. माणिकराव फोटोकडे बघत राहिले. त्यांचा रेडिओ इतका तडतडत होता की मला वाटलं, बिघडला. त्यांनी तो बंद केला, म्हणाले, इथं काही न्हाई, आणि चहा घेऊन गेले. मी समाधानानं मान डोलावली. माझ्या घरात दोष नसणार, हे मला ठाऊकच होतं.

गेल्या थंडीत एका पहाटे मी बटण दाबलं आणि माळ लागली नाही. जळाली होती. म्हटलं, उजाडल्यावर बघू, आणि चहाचं आधण ठेवलं. वीसेक मिनिटांनी बेल वाजली ती थांबेचना. दार उघडलं तर माणिकराव. एकाच पायात चप्पल. लिफ्टची वाट न बघता चार जिने चढून आलेले.

"वहिनी, बरं हाय न्हवं?"

मी म्हटलं, मला काय धाड भरलीय? त्यांनी भिंतीला हात टेकला. अंधारातल्या फोटोकडे बघितलं. "माळ," एवढंच म्हणाले.

मग बारा वर्षांचं सगळं बाहेर आलं. तडतड माझ्या माळेची होती. दिशा त्यांना मीटिंगच्या आधीच कळली होती, माळेचं मात्र माझ्या दारात येऊन कळलं. पण त्या फोटोपुढचा दिवा मालवा, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? त्यापेक्षा चौकट वळवलेली बरी. मात्र माझ्याकडे तोंड करण्याआधी ते रोज मिनिटभर तिची कड माझ्याकडे करत. सुरुवातीला गोंगाट नेमका कुठं आहे ते बघायला. मग सवय लागली. तडतड आली की वहिनी उठल्या.

त्या पहाटे तडतड आलीच नाही. बारा वर्षांत पहिल्यांदा तात्या शेजारी बसल्यासारखा स्वच्छ ऐकू येत होता.

"मग ऐकायचं ना," मी म्हटलं.

"बोलतच होता त्यो," माणिकराव म्हणाले. "त्याला मधीच सोडून आलो."

मी आधणात आणखी एक कप पाणी घातलं. दुसरं काय करणार?

नवी माळ मी डांगे चौकातूनच आणली, मुद्दाम तसलीच हलकी. उठल्यावर लावते. समोर गच्चीवर चौकट वळत वळत काडीसारखी बारीक दिसायला लागते, म्हणजे तिची कड माझ्याकडे झाली. मग मी माळ बंद करते, तात्याचा शेपू संपेपर्यंत. ह्यांनाही तेवढीच वीज वाचल्याचं समाधान.

परवा मला लहर आली. बटणापाशी बसून राहिले, दाबलं नाही. चौकट काडीसारखी उभी. पाच मिनिटं झाली, हलेना. शेवटी समोरची खिडकी उघडली.

"वहिनी, जाग्या हाव, स्वयंपाकघरात दिवा दिसायलाय. बटण दाबा की. तात्या खोळंबलाय. इचारायलाय, वहिनी उठल्या का."

मी दाबलं. दोनदा.