खटकेकाकांचा सराव

एप्रिलमधल्या एका भर दुपारी, सोलापूर नुसतं भाजत असताना, खटकेकाकांनी आपल्या घराचा मेन स्विच आपल्याच हातानं बंद केला. वीज गेलेली नव्हती. जिन्यातल्या बाकी सगळ्या घरांत पंखे फिरत होते. मी चौकशीला गेलो, तर काका दारात खुर्ची टाकून, बनियनवर, पुठ्ठ्यानं वारा घेत बसलेले.

"काय झालं काका?"

"काय न्हाय, मास्तर. सराव करतोय."

आतून सिंधूकाकूंचा थकलेला आवाज आला, "त्यांना म्हणावं, फ्रीजमधलं दूध नासलं."

काका चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यातून फिटर म्हणून रिटायर झालेले. मूळ गाव उजनीच्या पाण्याकाठचं. काकू सरकारी दवाखान्यात एकतीस वर्षं सिस्टर होत्या, शेवटची काही वर्षं बाळंतपणाच्या वॉर्डाच्या इन्चार्ज. मुलगी लातूरला दिलेली. आता साठी उलटल्यावर ही दोघं एका सेवाभावी संस्थेतर्फे दोन वर्षांसाठी टांझानियातल्या एका खेड्यात निघाली होती. संस्थेच्या पत्रात एक वाक्य होतं, की तिथे वीज आणि पाणी नियमित मिळेलच असं नाही. पत्र चार पानांचं होतं, पण काकांनी मनावर घेतलं ते तेवढं एक वाक्य.

विजेचं मी समजू शकलो. पण ते पाण्याचाही सराव करायला लागले. ज्या शहरात चार-पाच दिवसांनी नळ येतो, तिथल्या माणसाला आणखी कसला सराव हवा, असं मी म्हटलंसुद्धा.

"हितं पानी टाकीत येतं," काका म्हणाले. "तितं वाहून आणायचं हाय. लई फरक हाय दोन्हीत."

मग रोज सकाळी खालच्या हौदातून दोन कॅन भरून तिसऱ्या मजल्यावर. चौथ्या दिवशी कंबर धरली. काकू मलम चोळत म्हणाल्या, "तिकडं धरली असती म्हंजे?"

"म्हणून तर हितंच धरून घेतली," काका पालथ्या पालथ्या म्हणाले.

तिकडे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा खातात असं त्यांनी कुठंतरी पाहिलं. जन्मभर ज्वारीच्या भाकरीवर वाढलेला माणूस दोन आठवडे मक्याचं पीठ शिजवून खात होता आणि जिन्यातल्या प्रत्येकाला वाटीभर देत होता. आमच्या घरी त्याचं काय झालं, ते मी त्यांना सांगितलेलं नाही. तिथली भाषा मात्र त्यांना सोपी वाटली. "चहाला चाय, गाडीला गारी, चपातीला चपाती. ऱ्हायलं काय मग?" सकाळी मी शाळेला निघालो की जिन्यात अडवून ते "हबारी" म्हणायचे, म्हणजे कसं काय. मी "बरं आहे" म्हणालो की नाराज व्हायचे. उत्तर त्याच भाषेत पाहिजे, न्हाय तर सराव कसा होनार?

जिन्यात प्रिंटर फक्त माझ्याकडे. त्यामुळे या सेवेची निम्मी सेवा माझ्याकडून झाली. काकूंच्या नर्सिंगच्या सर्टिफिकेटवर माहेरचं नाव, आधारवर सिंधूताई, पासपोर्टवर नुसतं सिंधू. ही तिन्ही एकच बाई आहे हे पटवायला आम्हाला पावणेदोन महिने लागले. कोर्टात प्रतिज्ञापत्र, पोलीस पडताळणी, पुण्याला जाऊन पिवळ्या तापाची लस. प्रत्येक खिडकीवर दुसऱ्या खिडकीचा पत्ता मिळायचा. काकू बाकावर बसून डोळे मिटून घ्यायच्या. एकदा मीच म्हणालो, "काकू, नको वाटत असेल तर अजूनही..."

"न्हाय," त्या डोळे न उघडता म्हणाल्या. "जायाचं हाय."

कॉलनीत सगळ्यांना ठाऊक होतं ते असं, की तिकडचे पाण्याचे पंप बिघडलेत, म्हणून खटके फिटरला बोलावणं आलंय. काकांनीच तसं सांगितलं होतं. "ती बी येतीय सोबतीला," असंही. काकू समोर असल्या तरी काही बोलत नसत.

शेवटचं नेमणूकपत्र प्रिंट करायला माझ्याकडे आलं तेव्हा मी ते वाचलं. काकूंच्या नावापुढे होतं, दवाखान्यातल्या सुइणींना शिकवणं. काकांच्या नावापुढे एवढंच, की सोबत येणारे पती, काम नाही. पंपाचा कुठं उल्लेख नव्हता.

मी पानं त्यांच्या हातात दिली. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, पण माझं तोंड वाचता येत होतं.

संध्याकाळी त्यांनी मला गच्चीवर बोलावलं. पाण्याच्या टाकीला टेकून उभे राहिले.

"पोरगी तीन वर्षांची हुती," ते म्हणाले. "तवा सिंधूला आखातातल्या दवाखान्यातनं बोलावणं आलं हुतं. मी नको म्हणलो. पोरगी ल्हान हाय असं कारण सांगितलं. खरं म्हंजे कारखान्यातली मानसं काय म्हनतील, ह्याची लाज वाटली मला. ती काय बोलली न्हाय. परत कवाच विषय काढला न्हाय तिनं. भांडली असती तर बरं झालं असतं, मास्तर."

मीही त्यांच्या शेजारी टाकीला टेकलो.

"औंदा हे पत्र आलं. मला म्हणाली, मी निघाले, तुमी येनार का हितंच ऱ्हानार? इचारत नव्हती, सांगत हुती." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "आता मी तितं जाऊन आजारी पडलो, न्हाय तर जेवान पचलं न्हाय, तर तिला माझ्यापायी माघारी यावं लागंल. दुसऱ्यांदा. म्हणून सराव करतोय वो. दुसरं काय न्हाय."

मे अखेरीस दोघं गेली. स्टेशनवर मुलगी रडली, काकू रडल्या नाहीत. काका गाडी सुटेपर्यंत बॅगा मोजत होते.

दोन महिन्यांनी एका रविवारी सकाळी काकांचा व्हिडिओ कॉल आला. वाळले होते, दाढी पांढरी वाढलेली. मागे बसका पांढरा दवाखाना आणि ओळीत बसलेल्या बायका दिसत होत्या. पहिले तीन आठवडे फार वाईट गेले, असं ते स्वतःहून म्हणाले. घरात बोलायला कुणी नाही. चाय, गारी, चपाती बोलून झालं की भाषा संपते. मग एके दिवशी काकूंची पिशवी घेऊन त्यांच्यामागं दवाखान्यापर्यंत गेले आणि तिथल्या बाकावर बसले. तेव्हापासून रोज बसतात.

"दिवसभर काय करता बसून?" मी विचारलं.

"काय न्हाय. बघतो," ते म्हणाले. त्यांनी मान मागं वळवली. दारातून काकू बाहेर आल्या, एका अवघडलेल्या पोरीला खांद्याचा आधार देऊन हळूहळू आत घेऊन गेल्या. दार लागलं तरी काका तिकडंच बघत होते.

"एकतीस वर्षं ती ड्युटीला जायाची, मास्तर," ते म्हणाले. "काय करत असती, ते मी कवाच बघितलं नव्हतं."