कुंपणावरची सुलू

आमच्या शेजारच्या सुलभाताई लॉकडाउनभर नारिंगी जाकीट घालून वावरायच्या. बांधकामावरचे लोक घालतात ते, चमकत्या पट्ट्यांचं. त्यातच भाजी चिरायच्या, त्यातच देवपूजा करायच्या. म्हणायच्या, "सरकारला तेवढाच रंग दिसतो गं."

राग रास्त होता. यजमान गेल्यापासून त्या एकट्या होत्या आणि मेलबर्नच्या क्रेगीबर्न भागातल्या एका चाइल्डकेअरमध्ये पोरं सांभाळायच्या. साथ आली तेव्हा सरकारने चाइल्डकेअर काही दिवस फुकट केलं, ह्या बायकांना इसेन्शियल वगैरे म्हटलं आणि पगारासाठी दिलेली मदत बंद करायची वेळ आल्यावर सगळ्यांत आधी ह्यांचीच बंद केली. पाठोपाठ मेलबर्न पुन्हा बंद झालं आणि ताईंच्या शिफ्टही गेल्या. नवीन घर बांधणाऱ्यांना मात्र सरकारकडून पैसे मिळत होते. समोरच्या प्लॉटवर सिमेंटचा ट्रक आला की ताई त्याच्याकडे सवतीकडे बघावं तसं बघायच्या. म्हणायच्या, घरं बांधायला पैसे आहेत, घरातली पोरं सांभाळायला नाहीत.

त्यांना ट्रकचा हेवा वाटायचा. मला त्यांचा वाटायचा. का, ते सांगते.

घरून काम सुरू झालं तेव्हा माझ्या नवऱ्याच्या, निखिलच्या मीटिंगा बेडरूममध्ये दार लावून व्हायच्या. माझ्या व्हायच्या स्वयंपाकघरात, मांडीवर आमची तीन वर्षांची इरा. एकदा ती मीटिंगमध्ये इतकी रडली की मॅनेजरने गोड आवाजात सुचवलं, काही महिने थांबलीस तरी चालेल, फॅमिली फर्स्ट. मी राजीनाम्याचं ठरवलं आणि कुंपणाशी जाऊन ताईंना सांगितलं.

"निखिलला सुचवलं का कुणी?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

"मग तूही सोडायची नाहीस. माझी गेली तेवढी पुरे."

एकमेकांच्या घरी जायला तेव्हा बंदी होती. दुसऱ्या दिवसापासून ताई त्यांच्या बाजूला स्टूलवर चढून कुंपणावरून आमच्या अंगणातली इरा सांभाळायला लागल्या. गाणी, गोष्टी, जेवणसुद्धा. माझी नोकरी टिकली, पण मुलगी हातची गेली. माझी भेंडी थुंकणारी इरा सुलूने नुसतं 'आ' म्हटलं की मुकाट गिळायची. हो, माझी मुलगी त्यांना सुलू म्हणायची. मी काही सांगायला गेले की उत्तर ठरलेलं, "सुलू सेज नो." माझे डोळे स्क्रीनवर आणि कान कुंपणाकडे असायचे. बाहेर दोघी खिदळल्या की इथे माझ्या पोटात दुखायचं. मग काम संपलं की मी मुद्दाम जरा जोरातच हाक मारायची आणि इरा धावत आत यायची. दिवसातलं तेवढंच सुख.

लॉकडाउन उठला. चाइल्डकेअरने ताईंना परत बोलावलं आणि त्याच सुमारास एका गोदामानेही, जास्त पगारावर. त्यांनी गोदाम निवडलं. आता पोरीला सुलू नाही, म्हणून मला मनातून उकळ्या फुटत होत्या. बरं केलंत, पगार तरी नीट मिळेल, असं मी तोंडाने म्हटलं.

"पगार आहेच," त्या म्हणाल्या. "पण खोकी बरी गं. आईची हाक आली की पळत सुटत नाहीत. चाइल्डकेअरमधली पोरं इतकी वर्षं पळाली, मला काही वाटलं नाही. ह्या खेपेला तुझ्या हाकेची धास्तीच घेतली होती मी."

इरा माझ्या पायात घुटमळत होती. मी खुर्ची ओढली, वर चढले आणि पोरीला कुंपणावरून त्यांच्या हातात दिलं.

संध्याकाळ झाली. पलीकडून दोघींच्या हसण्याचा आवाज येत होता आणि माझ्या पोटात अजूनही दुखत होतं. पण हाक नाही मारली.