दारात येऊन बोलवा

आमच्या शेजारचे गुणवंतराव लग्नाचे कपडे घालून लग्नाला न जाण्यात पटाईत आहेत. आमची गल्ली संपते तिथे लॉन आहे, दारव्ह्यातली निम्मी लग्नं तिथेच लागतात. त्या दिवशी हा माणूस कडक इस्त्रीचा पांढरा सदरा-पायजमा आणि टोपी घालून ओट्यावर बसतो, लाउडस्पीकरवरची मंगलाष्टकं शेवटपर्यंत ऐकतो, आणि मग आत जाऊन एकटाच पिठलं-पोळी खातो. का? तर बोलावणं मोबाइलवर आलं म्हणून.

"दारात येऊन बोलावलं तं मानूस, फोनात बोलावलं तं नंबर," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एसटीत कंडक्टर होते, त्यामुळे ते वाक्य पार चौकापर्यंत जातं.

पूर्वी आमच्याकडे नवरा-बायको जोडीनं घरोघर फिरायचे. बायकांना कुंकू, पुरुषांच्या हातावर अक्षता, अन् "सहकुटुंब याचं बरं". आता एक बोट दाबलं की अख्ख्या गावाला आवतन. मी तरी काय वेगळं केलं? पोराच्या लग्नाची पत्रिका यांना मोबाइलवरच धाडली. मध्ये फक्त एक भिंत, तरी. हळदीच्या दिवशी बघते तर स्वारी नटूनथटून ओट्यावर, माझ्याकडे पाठ करून. डोकंच फिरलं माझं. पिवळ्या हातांनी तशीच कुंकवाचा करंडा घेऊन गेले. मी तोंड उघडायच्या आत गुणवंतराव चपला घालून उभे.

"चाला. कवाचा बसून हावो."

गल्ली आठवडाभर हसली. त्यांच्या घरात मात्र हसायला कोणी उरलं नव्हतं. त्यांची बायको शांताबाई वारल्या होत्या, आणि एकुलती एक लेक वैशाली नागपुरात नर्स. तिनं तिथलाच एक मुलगा पसंत केला, दुसऱ्या जातीचा, तेव्हा यांचं फोनवरचं बोलणं सगळ्यांनी ऐकलं.

"माह्या उंबरठ्यावर पाय ठेवू नको."

पोर बापासारखीच हट्टी. नाही ठेवला.

तिच्या लग्नाची पत्रिका आली ती मोबाइलवर. गुणवंतरावांनाही आली, मलाही. माझ्या पत्रिकेखाली तिनं लिहिलं होतं, "काकू, बाबांना घेऊन या ना."

लग्नाच्या दिवशी पहाटे आमचे हे गाडी घेऊन दारात आले. शेजारी बघते तर सदरा, टोपी, ओटा.

"चाला भाऊजी, बसा गाडीत."

"बोलावनं कोठी आलं?"

"अन् कशी येईल ते? तुमीच तं उंबरठा बंद केला तिचा."

आमच्या ह्यांनी दोनदा हॉर्न वाजवला. मग गुणवंतराव अगदी हळू म्हणाले, "बापाले कोनी बोलावते काय, वहिनी? बाप तं बोलावनारा रायते."

पण उठले नाहीत. आम्ही गेलो. वैशालीनं मला मिठी मारली आणि माझ्या खांद्यावरून मागे बघितलं. तिच्या सांगण्यावरून मुहूर्त थोडा लांबवला. मग लागलं लग्न.

दिवेलागणीला परत आलो. गल्लीत शिरतो तो गुणवंतराव एका दारातून दुसऱ्या दारात जाताना दिसले. अंगावर तेच कपडे, एका हातात अक्षतांची वाटी, दुसऱ्या हातात शांताबाईंचा करंडा. आम्ही उतरलो तसे आमच्याही दारात आले. त्याच लग्नाचं जेवण आमच्या पोटात होतं आणि त्यांना ते माहीत होतं.

"वहिनी, आमच्या वैशूचं लगन हाय. सहकुटुंब याचं." करंडा पुढे केला. "शांता असती तं तिनं लावलं असतं. तुमीच लावून घ्या."

दिवसभर मी या माणसावर चिडले होते. काय काय ऐकवायचं तेही गाडीत ठरवून ठेवलं होतं. मुकाट्यानं कुंकू लावून घेतलं आणि "येतो आम्ही" म्हटलं. रडूच आलं मला.

पलीकडच्या घरात नवे भाडेकरू आहेत, त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्या बाईनं कुंकू लावून घेत हौसेनं विचारलं, "कधी आहे लग्न, काका?"

"झालं," गुणवंतराव म्हणाले. "पन तुमी याचं."