पितळेचा चौकोन

माणसाचे सुख, समाजाचे स्थैर्य आणि बाजारातील शांतता या तिन्ही गोष्टी ज्याने त्याने आपापल्या चौकोनात राहण्यावर अवलंबून असतात. ज्याला चौकोन आहे तो निश्चिंत असतो. ज्याला नाही तो समिती काढतो. हुबळीच्या दुर्गदबैल बाजारातले भांड्यांचे व्यापारी वसंतअण्णा पुकाळे यांनी वयाच्या चौसष्टाव्या वर्षापर्यंत एकही समिती काढली नव्हती. यावरून ते किती सुखी होते हे ध्यानात यावे.

दुकान फक्त पितळेचे. आजोबा मिरजेकडून आले तेव्हा त्यांनी पाटीवर 'शुद्ध पितळ' असे रंगवून घेतले. वडिलांनी त्या शब्दांच्या आधी 'अस्सल' घातले आणि वसंतअण्णांनी त्याहीआधी 'शंभर टक्के' घातले. (प्रत्येक पिढीने धंदा पुढे न्यायचा असतो.)

त्यांची सून अश्विनी विद्यानगरातल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत असे. कॉलेजने नवा तक्ता घेतला तेव्हा आवर्तसारणीचा जुना, चादरीएवढा तक्ता तिने मागून आणला. दुकानाच्या भिंतीला ओल आली होती, तिच्यावर तो बरोबर बसला. विज्ञान समाजाच्या उपयोगी पडते ते असे.

दोन महिने ओल आणि विज्ञान गुण्यागोविंदाने राहिले. मग एके दिवशी समोरच्या तांब्याच्या दुकानाचे मालक रामचंद्र चहाला आले. बशी हातात धरून तक्त्यासमोर उभे राहिले आणि तसेच राहिले.

"वसंता, हे बघ. एकोणतीस नंबर. तांबं. आपलं आहे बघ ह्यात."

"असेल की."

"तुझं कुठाय?"

वसंतअण्णांनी चष्मा लावला. लोखंड होते, कथील होते, शिसे होते, सोनेचांदी तर होतीच. पारा होता. ज्याला धड हातात धरता येत नाही तो पारा होता, आणि पितळ नव्हती. त्यांनी डावीकडून उजवीकडे पाहिले, उजवीकडून डावीकडे पाहिले, शेवटी तक्त्याची खालची कड उचलून मागेही पाहिले. मागे ओल होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या दुकानावर नवी पाटी लागली : 'तांबे. आवर्तसारणीत समाविष्ट. अनुक्रमांक २९.' खाली बारीक अक्षरांत : 'इतर धातूंची चौकशी समोर करावी.'

त्या संध्याकाळी केशवापूरच्या घरी वसंतअण्णांनी चपला काढायच्या आधीच सुनेला विचारले, "हा नंबर कुठं लावून घ्यायचा असतो?"

"अप्पा, तिथं नंबर लावून घेता येत नाही," अश्विनी म्हणाली. "त्यात फक्त मूलद्रव्यं असतात. अणूच्या मधोमध केंद्रक असतं, केंद्रकात प्रोटॉन असतात. जितके प्रोटॉन, तितवा नंबर. एक असला की हायड्रोजन. एकोणतीस असले की तांबं."

"आणि कुणाला भेटलं तर?"

"कुणाला भेटून नाही होत."

"आतला कुणीतरी असेलच की."

"आत प्रोटॉनच आहेत, अप्पा."

ज्या यादीत कुणाला भेटून नाव घालता येत नाही अशी यादी वसंतअण्णांनी आयुष्यात पाहिली नव्हती. त्यामुळे ती यादी खरी नसावी, असा त्यांना दाट संशय आला. अश्विनीने "पितळ म्हणजे कसं, अप्पा—" अशी सुरुवात केली होती. तेवढ्यात सासूबाईंनी, म्हणजे वत्सलाबाईंनी पाने मांडल्याची हाक दिली, आणि जेवणे उरकेपर्यंत अप्पांनी फोनवरून समिती स्थापन केली होती.

'पितळ न्याय्य स्थान मागणी समिती'ची रचना अश्विनीच्या वहीतल्या अणूच्या आकृतीवरून केली गेली. आकृती पाहताक्षणी अप्पा म्हणाले होते, "हे तर आपल्या बाजाराचंच चित्र आहे!" मध्ये अध्यक्ष. त्यांना चिकटून सल्लागार मंडळ. हे न्यूट्रॉनसारखे : वजन भरपूर, भार काही नाही. भोवती कार्यकारिणी : आतल्या कक्षेत दोन, त्याबाहेर आठ आणि अगदी बाहेरच्या कक्षेत एकटे मधुकरशेट, कारण ते उशिरा आले. चौथ्याच दिवशी मधुकरशेट समोरच्या तांबेवाल्यांच्या संघटनेत गेले.

"सोडियम असंच करतो," अश्विनी म्हणाली. "बाहेरचा एकटा इलेक्ट्रॉन देऊन टाकतो आणि स्थिर होतो."

समितीही स्थिर झाली. म्हणजे उरलेल्या दहा जणांनी त्यानंतर काहीही केले नाही.

निवेदन अप्पांनीच लिहिले. त्यातले मुद्दे आजही विचार करण्याजोगे आहेत. एक : क्रमांक ११८चे मूलद्रव्य डोळ्याचे पाते लवायच्या आत नष्ट होते, तरी त्यास कायम जागा. पुकाळे यांची कळशी तीन पिढ्या टिकते, तिला नाही. दोन : तक्त्याच्या वरच्या तीन ओळींत मिळून छत्तीस जागा रिकाम्या आहेत (अप्पांनी पट्टीने मोजल्या). पैकी हायड्रोजनलगतची जागा कोपऱ्याला लागून असून हवेशीर आहे. तीन : एवढी मोकळी जागा असताना दोन अख्ख्या ओळी तक्त्याखाली उघड्यावर ठेवल्या आहेत, हे माणुसकीला धरून नाही.

हे निवेदन घेऊन अप्पा बसने धारवाडला एका सरकारी कार्यालयात गेले. तिथले अधिकारी वादिराज यांनी "कूडरी, बसा" म्हणून खुर्ची दिली आणि सगळे निवेदन न हसता वाचले. अप्पांना त्यांच्याबद्दल तिथेच आदर वाटला.

"पितळ म्हणजे हित्ताळी ना?" वादिराजांनी विचारले.

"हौद्री, पितळच."

"आणि ही जागा खरंच रिकामी आहे?"

"दोन-तीन महिने तरी पाहतोय, साहेब. कुणी बांधलेलं नाही."

वादिराज गंभीर झाले. धातूचा विषय म्हणून फाईल खाणींकडे गेली, अणूच्या वजनाचा उल्लेख म्हणून वजनमापाकडे, आणि रिकाम्या जागेमुळे नगररचनेकडे. पाच महिन्यांनी उत्तर आले : 'सदर छत्तीस जागांच्या मालकीबाबत या कार्यालयात कोणताही अभिलेख आढळत नाही. तथापि कोणाची हरकतही आढळत नाही.'

हरकत नाही! अप्पांनी ते वाक्य तीनदा वाचले आणि थेट छापखाना गाठला. नव्या वर्षाच्या कॅलेंडरवर दरवर्षी लक्ष्मी असे. यंदा आवर्तसारणी आली. हायड्रोजन आणि हेलियमच्या मधल्या मैदानात चार चौकोनांएवढा एक सोनेरी चौकोन : '११९. पितळ.' प्रती दोन हजार. अठराशे वाटून झाल्यावर एक घरी आली.

अश्विनीने ती भिंतीवर पाहिली आणि हातातली पर्स तशीच धरून उभी राहिली.

"अप्पा, माझ्या मुलांच्या घरांतून हे लागलंय. उद्या वर्गात मी काय तोंड दाखवू?"

तिचे डोळे भरून आले होते. अप्पा वरमले. निवेदन गेल्यापासून पाच महिने दोघे एकमेकांशी ताटात काय वाढू एवढेच बोलत होते.

"मग माझ्या आजोबांनी विकलं ते काय होतं? काहीच नाही?"

"असं कोण म्हणालं? तांबं एकोणतीस, जस्त तीस. शेजारी शेजारी आहेत, बघा. ती दोघं एकत्र आली की पितळ होते. दोघांनाही जागा आहे."

अप्पांचा चेहरा उजळला. "अरेच्चा, म्हणजे लग्न! मग आधी नाही का सांगायचं? ही यादी बिनलग्नाच्यांची आहे तर!"

इथे अश्विनीने थांबायला हवे होते. पण ती प्रामाणिक शिक्षिका होती.

"लग्न नाही, अप्पा. लग्न झालं तर त्याला संयुग म्हणतात. त्यात प्रमाण ठरलेलं असतं. पितळ मिश्रधातू आहे. ती दोघं नुसती एकत्र राहतात. प्रमाण कधी साठ-चाळीस, कधी सत्तर-तीस, जसं जमेल तसं."

अप्पा खाली बसले.

"लग्न न करता?"

"हो."

"तीन पिढ्या मी... आम्ही... आणि देवापुढची समई?"

"तीसुद्धा."

वत्सलाबाईंनी उठून खिडकी लावून घेतली. मग अप्पा खालच्या आवाजात म्हणाले, "रामचंद्राला कळता कामा नये."

"नाही सांगत," अश्विनी म्हणाली, आणि तिला हसू फुटले. अप्पांनाही फुटले, पण त्यांनी ते समितीचे अध्यक्ष या नात्याने आवरले.

दुसऱ्या दिवशी सासरा आणि सून रिक्षातून कॅलेंडरे परत गोळा करायला निघाले. दिवसभरात एक्केचाळीस मिळाली. बाकीच्यांनी दिली नाहीत. कुणी त्यावर सिलिंडर आल्याची तारीख लिहिली होती, कुणी मुलीच्या बारशाची. रामचंद्रांनी तर गादीच्या वरच खिळा मारून लावले होते.

"राहू दे रे, चांगलं छापलंयस," ते म्हणाले. "वर ते पिवळं काय आहे?"

"जाहिरात," अप्पा म्हणाले.

"असू दे, असू दे."

वर्ष संपत आले. साडेसतराशे घरांत, दुकानांत, दोन दवाखान्यांत आणि एका शाळेच्या शिक्षकखोलीत मूलद्रव्य क्रमांक एकशे एकोणीस सन्मानाने लटकत राहिले. चाचणी परीक्षेत एका मुलीने 'एकूण मूलद्रव्ये : ११९' असे लिहिले. अश्विनीने तिला अर्धा गुण दिला. (घरचा मामला.) संपूर्ण वर्षात समितीकडे एकच लेखी तक्रार आली : कॅलेंडरात श्रावणातली एकादशी एक दिवस चुकली आहे, हा बेजबाबदारपणा खपवून घेतला जाणार नाही.

वाचकांना या लोकांचे हसू आले असेल, आणि ते योग्यच आहे. तक्त्याच्या वरच्या भागात छत्तीस जागा रिकाम्या आहेत हे आपण मघाशी वाचलेत आणि मान डोलावून पुढे गेलात. मोजल्या होत्या का? अप्पांनी निदान पट्टी तरी लावली होती. असो. आपल्याही स्वयंपाकघरात एक कॅलेंडर आहे. तारखांच्या वर काय छापले आहे, न उठता सांगा पाहू. नाही, एकादशी कधी आहे ते नका सांगू.