भोंगेवाले खंदारे सर

आमचे शेजारी खंदारे सर कधी कुणाच्या दारावर थाप मारत नसत. कडी वाजवणं नाही, हाक मारणं नाही. हातातला पत्र्याचा चौकोनी भोंगा ते दाराकडे रोखत, त्याला जोडलेल्या डबीवरचा काटा बघत आणि बाहेरूनच जाहीर करत, "वैनी, घरात कुणीतरी हलून राहिलंय. बराबर?"

एकदा आम्ही सगळे औंढ्याला गेलो होतो. परत आलो तर सर आमच्या ओट्यावर तोंड पाडून बसलेले. "काटा हलून राहिला अन् तुमी दार उघडंनात. म्हणलं, काहून रागावले?" दाराला कुलूप होतं, ते त्यांनी पाहिलंच नव्हतं. आत मागच्या दाराने शिरलेली शेळी माझ्या उत्तरपत्रिका खात होती. कुलूप न दिसल्याचं सरांना काही वाटलं नाही. शेळी ओळखल्याचा अभिमान मात्र पुढे कित्येक दिवस टिकला.

हिंगोलीच्या आमच्या कॉलेजात ते फिजिक्स शिकवत, मी मराठी. दोन हजार साल नुकतंच मागे पडलं होतं. त्यांच्या त्या भोंग्याला ते अँटेना म्हणत. त्यातून डोळ्यांना न दिसणाऱ्या मायक्रोवेव्ह लाटा निघतात, समोर काही हललं की त्याची खूण घेऊन परत येतात आणि काटा हलतो, इतकं मला त्यांनी शिकवलं होतं. मराठीच्या माणसाला एवढं पुरे. "लाट जाती अन् खबर घेऊन येती," हे त्यांचं पालुपद. वर्गात, लग्नात, मयतीत, कुठेही ते यायचंच.

भोंगा घरचाच. आखाडा बाळापूरच्या बाजारात सर गोडेतेलाचे डबे उलटेपालटे करून बघत. दुकानदार तेलाचं कौतुक सांगायला लागला की म्हणत, "तेल कोन्तंबी चालंल, पत्रा सपाट पायजे." मग तो पत्रा कापून, घासून, झाळ देऊन जोडून भोंगा तयार होई. गावात नुकताच मायक्रोवेव्ह ओव्हन आला होता, म्हणून प्राचार्यांच्या पत्नीने भोळेपणाने विचारलं, "ह्याच्यावर दूध गरम होतं का हो?" सर म्हणाले, "वैनी, पापडबी भाजायचा न्हाई. ही लाट लई गरीब हाय."

लोक हसत. मीही हसे. पण खरं सांगतो, मला त्या भोंग्याचा फार अभिमान होता. आमच्याकडे लाइट कधी जाईल याचा नेम नसायचा, तर या माणसाने सगळं यंत्र स्कूटरच्या बॅटरीवर चालवून दाखवलं होतं.

सरांचं एकच स्वप्न होतं. कॉलेजात फिजिक्सचा एम.एस्सी.चा वर्ग सुरू व्हावा. पोरं शिकायला बाहेरगावी जात. पोरींचं शिक्षण बी.एस्सी.लाच थांबे. अनेक वर्षं अर्ज केल्यावर अखेर विद्यापीठाची समिती पाहणीला यायची ठरली. दाखवण्यासारखं आमच्याकडे एकच होतं, ते म्हणजे सरांचं यंत्र.

समिती आली, चहा झाला, आणि सरांचा पत्ता नाही. यंत्राचाही नाही. प्राचार्यांनी मला स्कूटरवर पिटाळलं.

सर घरीच होते. आईच्या खोलीच्या दारात पडदा, पडद्यासमोर स्टूल, स्टुलावर भोंगा, आणि सर काट्याकडे टक लावून उभे. काटा सावकाश वर जात होता, खाली येत होता.

"आईचा श्वास हाय," सर हळूच म्हणाले. "ताप चढलाय तिला. हे सोडून कसा येऊ?"

सरांच्या आई सोजरमावशी मूळच्या हट्टा गावच्या. हळदीच्या रानात मजुरी करून त्यांनी एकटीने लेकाला शिकवलं. मधे एकदा चुलीपाशी चक्कर येऊन पडल्या, तेव्हापासून सरांचा जीव थाऱ्यावर नव्हता. पण जवळ कुणी बसलं की मावशी कडाडत, "मी का मरून राहिले काय? जाय आपल्या कामाला!" सोबतीला ठेवलेल्या बाईला त्यांनी पहिल्याच दिवशी पिटाळलं होतं. म्हणून सर रोज दुपारी गुपचूप घरी येत, पडद्याबाहेरून काटा बघत आणि पुढच्या तासाला परत जात. कॉलेजात आम्हाला वाटे, जेवायला जातात.

सर पाणी आणायला मागे गेले. तोच पडद्याआडून दबका आवाज आला, "मास्तर, साह्यब आलेत व्हय?"

"तुम्ही जाग्या आहात?"

"रोजच ऱ्हाते. त्याला वाटतं, मला ठावं न्हाई. त्यो आला की मी मोठा मोठा श्वास घेते. काटा हालला की लेकरू सुखानं कॉलेजात जातं. सांगू नगा त्याला."

सर तांब्या घेऊन आले. पडद्याआड मावशींनी असा श्वास ओढला की काटा पार टोकाला गेला. पुन्हा खाली आला, पुन्हा टोकाला. त्या तापात त्यांना किती तकलीफ होत असेल, ते मला समजत होतं. सरांचा चेहरा मात्र उजळला.

"श्वास मजबूत हाय! चला!" त्यांनी तांब्या आईच्या उशाशी ठेवला आणि यंत्र उचललं. स्कूटरवर माझ्या मागे ते भोंगा पोटाशी धरून बसले.

समितीचे अध्यक्ष भोंग्यासमोर बसले. काटा त्यांच्या श्वासाबरोबर डोलू लागला, तसे ते खुर्चीतच ताठ झाले. सर म्हणाले, "लाट जाती अन् खबर घेऊन येती." सगळं दालन टाळ्या वाजवत होतं. मी वाजवल्या त्या हट्ट्याच्या एका म्हातारीसाठी.

पुढे वर्ग मंजूर झाला. त्या दिवशी संध्याकाळी मात्र एवढंच कळलं होतं की समिती खूश होऊन गेली. तेवढं सांगायला सर धावत घरी आले. मागोमाग मीही. सरांची चाहूल लागताच मावशींनी पुन्हा मोठे मोठे श्वास ओढायला सुरुवात केली. ताप उतरला नव्हता, म्हणून मला उशाशी बसवून सर डॉक्टरला बोलवायला पुन्हा बाहेर पळाले, तेव्हा मावशींनी डोळे उघडले, दाराकडे पाहिलं आणि मला विचारलं,

"गेला का? आता घेऊ का मी साधा श्वास?"